गव्हाबरोबर किडे

पावसाळा संपत आला म्हणजे आमच्या घरांतून एक ठराविक दृश्य दिसूं लागतें. पिठाचा डबा उघडल्याबरोबर गृहिणीच्या कपाळाला आठी पडते, डबा उन्हांत नेला जातो, चाळणी येते, आणि चाळणीवर उरलेल्या अळ्या व टोके केरांत टाकून तें पीठ पुन्हां डब्यांत भरलें जातें. चाळणींतून जें खालीं गेलें तें अन्न व जो वर राहिला तो किडा, हा भेद आम्हांस इतका स्वाभाविक वाटतो कीं, त्याविषयीं विचार करण्याचें कारणच पडत नाहीं. गव्हाबरोबर किडेहि रगडले जातात, ही म्हण आमच्या जात्यापाशींच जन्मली. तिच्यांत किड्याविषयीं थोडी कींव आहे. त्याच्या पिठाविषयीं आस्था मुळींच नाहीं.

२०२१ च्या जून महिन्यांत युरोपियन संघानें ही चाळणी जणूं उलटी धरली. पिठाच्या कोठारांतून वाढणाऱ्या पिवळ्या अळीला संघाच्या कायद्यानें मनुष्याचें अन्न म्हणून मान्यता दिली. या अळीचें शास्त्रीय नांव टेनेब्रिओ मोलिटर. आणि मोलिटर म्हणजे लॅटिन भाषेंत दळणारा, गिरणीवाला. शतकानुशतकें गिरणीवाल्याचें पीठ फस्त करणारी ही अळी आतां स्वतःच पीठ होऊन बिस्किटांत जाऊं लागली. त्याच वर्षीं टोळाला, २०२२ त घरगुती रातकिड्याला, आणि २०२३ च्या जानेवारींत तेल काढून घेतलेल्या रातकिड्याच्या पिठाला परवानगी मिळाली. २०२५ च्या आरंभीं पाव आणि केक यांतहि अळीचें पीठ घालण्यास हरकत उरली नाहीं. कायद्यानें या सर्वांस एकच नांव दिलें आहे. तें नांव म्हणजे ‘नवें अन्न’. १५ मे १९९७ पूर्वीं युरोपच्या आहारांत ज्या पदार्थाचा म्हणण्यासारखा उपयोग होत नव्हता तो नवा, अशी या नांवाची व्याख्या आहे.

कायद्याला कोठें तरी रेघ ओढावीच लागते, हें आम्ही जाणतों. तथापि किड्याच्या पिठाची वडी, भाकरी किंवा केक ही वस्तु नवी आहे, असें जेव्हां वर्तमानपत्रें व दुकानांतील वेष्टनें एकमुखानें सांगूं लागतात, तेव्हां इतिहासाच्या वाचकानें थोडें थांबावें. ही वस्तु फार जुनी आहे. ती कोणी, कोठें व कशी केली, आणि ती करणाऱ्यांचें पुढें काय झालें, एवढेंच सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. कारण त्या हकीकतींत आजच्या या ‘नव्या’ उद्योगानेंहि ऐकून ठेवावें असें पुष्कळ आहे.

टोळ खाण्याची चाल तर इतिहासाइतकीच जुनी. निनवे येथें असुर राजा सेन्नाचेरिब याच्या राजवाड्यांत ख्रिस्तपूर्व ७०० च्या सुमाराचें एक शिल्प सांपडलें आहे. त्यांत मेजवानीसाठीं डाळिंबें नेणाऱ्या सेवकांबरोबर काड्यांवर ओंवलेले टोळ नेणारे सेवकहि कोरलेले आहेत. यहुदी लोकांच्या धर्मशास्त्रांत, लेव्हीय या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायांत, इतर उडते किडे निषिद्ध ठरवून टोळाच्या चार जाती मात्र भक्ष्य म्हणून सांगितल्या आहेत. परंतु अख्खा टोळ भाजून खाणें निराळें आणि किडे वाळवून, दळून, त्यांची वडी थापून ती सांठवून ठेवणें निराळें. पहिल्यांत केवळ शिकार आहे. दुसऱ्यांत स्वयंपाक आहे, सांठवण आहे, बाजारहि आहे. या दुसऱ्या विद्येचीं पीठें शोधूं लागलों म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते, ती ही कीं, तीं बहुधा सरोवरांच्या कांठीं आहेत.

त्यांत अग्रमान मेक्सिकोच्या खोऱ्याला द्यावा लागेल. स्पॅनिश लोकांनीं १५२१ त जिंकलेली अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान ही एका विस्तीर्ण सरोवरांतील बेटावर वसलेली होती. या खोऱ्याला समुद्राकडे जाणारी नैसर्गिक वाट नव्हती. त्यामुळें पावसाचें पाणी सांचून एकमेकांना लागून असलेलीं सरोवरें झालीं होतीं, व त्यांतलें तेश्कोको हें सर्वांत मोठें सरोवर खारट होतें. या उथळ खाऱ्या पाण्यांत एक लहानसा पाणकिडा अगणित संख्येनें वाढे. त्याला तेथील नावात्ल भाषेंत अशायाकात्ल म्हणत. लोक लव्हाळ्याच्या व गवताच्या जुड्या बांधून त्या उथळ पाण्यांत रोंवून ठेवीत. किडा त्या काड्यांवर अंडीं घाली. काड्या अंड्यांनीं दाट भरून गेल्या म्हणजे जुड्या बाहेर काढावयाच्या, उन्हांत वाळवावयाच्या, आणि फडक्यावर झोडून अंडीं पाडून घ्यावयाचीं, असा क्रम असे. राजाचा वैद्य फ्रान्सिस्को हेर्नांदेस हा १५७० नंतरच्या दशकांत मेक्सिकोंत राहून तेथील वनस्पति व प्राणी यांची माहिती टिपून घेत होता. या अंड्यांच्या भाकऱ्या व तामाल नांवाचे उंडे यांचें वर्णन त्यानें करून ठेविलें आहे.

या अंड्यांचें नांव मराठी वाचकानें मुद्दाम लक्षांत ठेवण्यासारखें आहे. नावात्ल भाषेंत वाउत्ली म्हणजे राजगिरा. आणि आत्ल म्हणजे पाणी. या दोहोंचा समास होऊन पाणकिड्याच्या अंड्यांना अवाउत्ली, म्हणजे पाण्यांतला राजगिरा, हें नांव पडलें. रंगरूपानें हे बारीक दाणे राजगिऱ्यासारखेच दिसतात, आणि त्या लोकांच्या मनांत जमिनीवरचें पीक व पाण्यावरचें पीक यांत फारसा भेद नव्हता. राजगिरा पेरावयाचा शेतांत व हा राजगिरा पेरावयाचा सरोवरांत. झोडणें, वाळवणें, दळणें हीं दोहोंना सारखींच. स्पॅनिश पाद्री आले, त्यांनीं देवळें पाडलीं. राजगिऱ्याच्या पिठांत मग्वे नांवाच्या घायपाताचा पाक घालून देवांच्या मूर्ति करीत व त्या प्रसाद म्हणून खात, ती चालहि बंद पाडली. पाण्यांतला राजगिरा मात्र तरला. पाण्यांतून येतें तें मांस नव्हे, या सबबीवर त्याला ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांत जागा मिळाली. ईस्टरपूर्वींच्या पवित्र सप्ताहांत अवाउत्लीचें पीठ कोंबडीच्या अंड्यांत फेटून तळलेल्या वड्या खाण्याची चाल मेक्सिको शहराच्या आसपास अजून कोठें कोठें जिवंत आहे.

चाल जिवंत राहिली, पण सरोवर राहिलें नाहीं. बेटावरचें शहर स्पॅनिशांनीं आपल्या पद्धतीनें पुन्हां बांधलें, आणि मग पाणी त्यांस शत्रु वाटूं लागलें. १६०७ च्या पुरानंतर एन्रिको मार्तिनेस याच्या देखरेखीखालीं डोंगर पोखरून पाण्याला वाट काढण्याचें काम सुरू झालें. १६२९ च्या महापुरांत तर शहर सुमारें पांच वर्षें पाण्याखालीं होतें. पुढें बोगद्याचें उघडें खिंडार झालें. १९०० सालीं अध्यक्ष पोर्फिरिओ दिआस याच्या हस्तें मोठ्या कालव्याचें उद्घाटन झालें. आणि ज्या खोऱ्यांत होड्यांची ये-जा चाले तेथें धूळ उडूं लागली. पाणकिड्यांना डबकीं उरलीं, आणि अंडीं काढणारीं कुटुंबें बोटांवर मोजण्याइतकीं झालीं. त्या कोरड्या तळावर प्रचंड विमानतळ बांधण्याचें घाटत होतें, तें काम २०१८ त रद्द झालें. आणि २०२२ त तेश्कोकोचा मोठा भाग संरक्षित म्हणून जाहीर होऊन तेथें पाणी व पक्षी परत आणण्याचा यत्न सुरू आहे. चार शतकें ज्याचा उपसा केला तेंच पाणी आतां मिनतवारीनें बोलवावें लागत आहे!

दुसरें सरोवर आफ्रिकेंतलें न्यासा. आज त्याला मलावी म्हणतात. १८६१ त डेव्हिड लिव्हिंग्स्टन तेथें हिंडत असतां त्याला पाण्यावर दूरवर धुराचे लोट उठल्यासारखे दिसले; मैलचे मैल गवत पेटावें तसा तो देखावा होता. जवळ गेल्यावर कळलें कीं, तो धूर नसून चिलटांचे ढग आहेत. रात्रीं लोक हीं चिलटें गोळा करीत व तीं शिजवून त्यांच्या वड्या करीत. स्कॉटलंडांतील नांगऱ्याच्या गोल टोपीएवढी, इंचभर जाडीची, काळसर अशी ही वडी लिव्हिंग्स्टनला खाण्यास देण्यांत आली. ‘कुंगो’ हें तिचें नांव व माशाच्या खारवलेल्या अंड्यांची आठवण देणारी तिची चव त्यानें १८६५ च्या आपल्या प्रवासवृत्तांत नमूद केली आहे. एका वडींत किती लाख जीव असतील याचा अंदाज करण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं. परंतु हा प्रश्न वाचकांच्या मनांत आला असेल तर तो त्यांनीं जपून ठेवावा. त्याचें काम पुढें पडणार आहे.

तिसरें पीठ उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील त्या विस्तीर्ण कोरड्या प्रदेशांत आहे, ज्याला ग्रेट बेसिन म्हणतात. येथेंहि नद्या समुद्रास मिळत नाहींत. त्या खाऱ्या सरोवरांत येऊन संपतात. ग्रेट सॉल्ट लेकच्या कांठीं वाऱ्यानें पाण्यांत पडलेले नाकतोडे लाटांबरोबर किनाऱ्यास लागतात, आणि खाऱ्या पाण्यांत भिजून उन्हांत वाळल्यामुळें आयते खारवलेल्या स्थितींत त्यांच्या राशी पडतात. तेथील एका गुहेंत प्राचीन माणसांनीं नाकतोडे खाल्ल्याचे भरपूर अवशेष सांपडल्यावर डेव्हिड मॅडसन या पुरातत्त्वज्ञानें १९८० नंतरच्या दशकांत असे ढीग स्वतः गोळा करून पाहिले, तेव्हां एका माणसाला ताशीं सरासरी २०० पौंड वाळलेले नाकतोडे सहज जमवितां येतात असें त्यास आढळलें. हरणामागें दिवसभर धांवणाऱ्या पारध्याला हें उत्पन्न कोठून मिळावें? येथील शोशोनी, यूट, गोशूट या जमाती किडे भाजून कुटीत, त्यांत चिलगोज्याच्या जातीचें बीं, गवताचें बीं व रानबोरांसारखीं फळें मिसळीत, आणि तें मिश्रण उन्हांत वाळवून वर्षाची बेगमी करीत. या वडीला पुढें इंग्रजींत ‘वाळवंटांतला फ्रूटकेक’ असें नांव पडलें. किड्याच्या पिठाचें पक्वान्न म्हणून आज जें दुकानांत मांडलें जातें, त्याची खरी पणजी हीच.

याच सरोवराच्या खोऱ्यांत १८४७ त मॉर्मन पंथाचे लोक वस्तीस आले. दुसऱ्या वर्षीं त्यांच्या पहिल्या मोठ्या पिकावर रातकिड्याच्या जातभाईंची धाड पडली. सगळें पीक जाणार असें दिसत असतां कुरव पक्ष्यांचे थवे सरोवरावरून आले व त्यांनीं ते किडे खाऊन टाकले, अशी त्या पंथाची श्रद्धेय कथा आहे. १९१३ त सॉल्ट लेक सिटींत कुरवांचें सुवर्णमंडित स्मारकहि उभारण्यांत आलें. उपकारी पक्ष्यांचें स्मारक व्हावें हें योग्यच आहे. पण त्याच खोऱ्यांतले मूळ रहिवासी तेच किडे पोत्यांनीं भरून हिवाळ्याची सोय करीत होते. एकाच वर्षीं, एकाच किड्यापायीं, एकाला दुष्काळ दिसला आणि दुसऱ्याला सुगी दिसली. कुरवानें किडा खाल्ला तो चमत्कार झाला. शेजाऱ्यानें खाल्ला तें त्याच्या रानटीपणाचें प्रमाण झालें. या लोकांना गोऱ्या वसाहतवाल्यांनीं ‘डिगर’, म्हणजे उकरून खाणारे, असें हिणकस नांव ठेविलें. आणि मार्क ट्वेनसारख्या उदार बुद्धीच्या विनोदकारानें देखील १८७२ च्या आपल्या प्रवासग्रंथांत गोशूट लोकांविषयीं असा तुच्छतेचा सूर लाविला आहे कीं, तो आज वाचवत नाहीं.

त्या मानानें विल्यम ब्रूअर या शास्त्रज्ञाची जीभ अधिक प्रामाणिक ठरली. कॅलिफोर्नियाच्या भूस्तरपाहणीच्या कामावर असतां १८६३ त तो मोनो सरोवरापाशीं गेला. हें सरोवर इतकें खारें कीं, त्यांत मासा जगत नाहीं. मात्र एका जातीच्या माशीचे कोश किनाऱ्याला थरच्या थर लागतात. तेथील लोक ते वाळवून, चोळून वरचें टरफल काढीत; आंत तांदळाच्या कणीएवढा पिवळसर, तेलकट गर उरे. त्याला कुत्साव्ही म्हणत, आणि त्यावरून त्या जमातीला कुट्झाडिका, म्हणजे माश्या खाणारे, हें नांव मिळालें. डोंगरापलीकडील लोकांशीं ओकच्या फळांचा सौदा करतांना त्यांचें नाणें म्हणजे हाच गर. ब्रूअरनें तो चाखला, वाईट लागत नाहीं असें लिहिलें, आणि तो कशाचा आहे हें ठाऊक नसेल तर त्याचें उत्तम सार होईल अशीहि पुस्ती जोडली. ‘ठाऊक नसेल तर’ या तीन शब्दांत या साऱ्या विषयाचें मर्म आलें आहे. तक्रार जिभेची नव्हती. ती ठाऊक असण्याची होती.

मोनोचीहि कथा तेश्कोकोहून फार निराळी नाहीं. त्याला मिळणाऱ्या ओढ्यांचें पाणी १९४१ पासून लॉस एंजेल्स शहरानें वळवून नेलें. चाळीस वर्षांत सरोवराची पातळी सुमारें ४५ फूट उतरली व खारटपणा दुप्पट झाला. माशी कमी झाली तर पक्षी उपाशी मरतील या भीतीनें खटले झाले. १९८३ त कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें सरोवर ही लोकांची ठेव असल्याचें तत्त्व मान्य केलें, आणि १९९४ त पातळी पुन्हां वर आणण्याचा हुकूम झाला. त्यानंतर ३० वर्षें लोटलीं तरी, २०२४ त देखील, ठरलेली पातळी गांठली गेली नव्हती.

या सर्व हकीकतींत एक कारणपरंपरा आहे. बाहेर जाण्यास वाट नसलेल्या खाऱ्या पाण्यांत मासे जवळजवळ नसतात. त्यामुळें तेथील शेवाळावर वाढणाऱ्या किड्यांना खाणारा कोणी उरत नाहीं व ते अपरंपार वाढतात. गोड्या पाण्याच्या न्यासाला हा नियम लागू नाहीं. पण तेथेंहि चिलटांचे थवे ठराविक दिवसांतच उठतात. म्हणजे हें पीक थोडे दिवस आणि भरमसाट येणारें. असें पीक टिकवावयाचें तर तें वाळविलें पाहिजे, दळलें पाहिजे, दुसऱ्या पिठांत मिसळलें पाहिजे. किड्याचें पीठ व त्याची वडी ही कोणा एकाची लहर नसून सरोवराच्या स्वभावांतून निघालेली गृहविद्या आहे. तिला खाद्य विकत आणावें लागत नव्हतें, कीं कोठार तापवावें लागत नव्हतें. पाणी शाबूत असलें म्हणजे पुरे. टिकाऊ अन्न म्हणून आज ज्याचा गौरव होतो त्याचा टिकाऊपणा किड्यांत जितका होता त्याहून अधिक त्या पाण्यांत होता.

युरोपांत या विद्येची आठवण करून देणारा एक इंग्रज मात्र विक्टोरिया राणीच्या काळींच निघाला होता. व्हिन्सेंट होल्ट यानें १८८५ त लंडनमध्यें ‘किडे कां खाऊं नयेत?’ अशा अर्थाच्या नांवाचें एक छोटें पुस्तक प्रसिद्ध केलें. शेतमजुरांना मांस मिळत नाहीं आणि त्यांच्याच हातून शेतांतले किडे वेंचून फेकले जातात, ही विसंगति त्याला सहन झाली नाहीं. पिकाचें रक्षण व पोटाची भर हीं दोन कामें एकदम साधावीं, असा त्याचा सरळ हिशेब होता. पुस्तकाच्या शेवटीं त्यानें मेजवानीच्या याद्या दिल्या असून त्यांत गूजबेरीच्या मलईंत त्याच झाडावरच्या अळ्या घातलेलें पक्वान्नहि आहे. इंग्लंड हंसलें आणि विसरलें. होल्टचें चुकलें तें एका ठिकाणीं असें आम्हांस वाटतें. जें धनिक स्वतः खाणार नाहींत तें मजुरांनीं खावें, हा उपदेश कितीहि कळकळीचा असला तरी मजुराच्या कानाला तो अपमानासारखाच लागतो.

१२८ वर्षांनंतर, २०१३ त, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें याच विषयावर मोठा अहवाल काढला, तेव्हां हंसणारे कमी निघाले. जगांतील सुमारें २०० कोटि लोकांच्या परंपरागत आहारांत किड्यांना जागा आहे, व १९०० हून अधिक जाती खाल्ल्या जातात, असें त्यांत सांगितलें होतें. एक किलो किडे वाढविण्यास सुमारें दोन किलो खाद्य पुरतें, तर गाईबैलाचें वजन एक किलोनें वाढविण्यास आठ किलो लागतें, हा हिशेबहि त्यांत होता. २०१७ च्या नोव्हेंबरांत फिनलंडांतील फाझेर या पावाच्या कंपनीनें रातकिड्यांचें पीठ घातलेला पाव विक्रीस ठेविला. एका पावांत सुमारें ७० रातकिडे व पिठाचें प्रमाण शेंकडा तीन. हें प्रमाण इतकें कमी कां, याचें उत्तर कणीक मळणाऱ्या कोणत्याहि गृहिणीस देतां येईल. गव्हाच्या पिठांत जो चिवटपणा असतो त्यावर पाव फुगतो. किड्याच्या पिठांत तो मुळींच नाहीं. ज्वारीच्या पिठाचा जसा पाव होत नाहीं तसाच याचाहि होत नाहीं. बिस्किट, खुसखुशीत वडी, जड चॉकलेटचा केक यांना फुगण्याची तितकी गरज नसते. शिवाय चॉकलेटाच्या काळ्या रंगांत या पिठाचा करडेपणा लपतो आणि त्याचा भाजक्या दाण्यांसारखा वास चॉकलेटाशीं जुळतो. किड्याचें पीठ जेवणाच्या ताटाआधीं गोड पदार्थांत शिरलें, त्याचें कारण हें असें पाकशास्त्राचें आहे. पिठासाठीं निवडलेल्या रातकिड्यांना पोट साफ व्हावें म्हणून आधीं २४ तास उपाशी ठेवितात, मग गोठवून मारतात, धुतात, तापवून वाळवितात, तेल काढतात व दळतात. कोळंबी-खेंकडा ज्यांना सोसत नाहीं त्यांना हें पीठहि बाधूं शकतें, म्हणून तशी सूचना वेष्टनावर छापण्याची कायद्यानें सक्ति आहे.

येथवर सर्व ठीक. परंतु कारखान्यांतला रातकिडा सरोवरावरचें शेवाळ खात नाहीं. त्याला धान्य, कोंडा व पेंड घालावी लागते, आणि थंड देशांत त्याच्या खोल्या तापवाव्या लागतात. जें धान्य कोंबडीला घालतां आलें असतें तेंच किड्याला घातलें तर लाभ पुष्कळसा आटतो. टाकाऊ पदार्थांवर किडा वाढविला तरच तो हिशेब जमतो. युरोपच्या कारखान्यांतून निघणारा बहुतेक माल तर अद्यापि माणसांच्या ताटांत न येतां माशांच्या व पाळीव कुत्र्यामांजरांच्या खाद्यांत जातो. जुन्या विद्येंतला किडा नव्यानें उचलला. तिचें पाणी मात्र मागेंच राहिलें.

आतां आपल्या स्वयंपाकघराकडे परत यावें. किड्याचें अन्न ही कल्पना आमच्या संस्कारांना इतकी परकी आहे कीं तिचा येथें विचारच नको, असें कोणी म्हणेल. पण आमचे संस्कार तरी किती स्थिर आहेत? एकादशीच्या ताटाकडे पहावें. बटाटा, रताळें, शेंगदाणे, मिरची, साबुदाणा ज्या कंदापासून आपल्याकडे करतात तो कंद, हीं सर्व अमेरिका खंडांतून आलेलीं आहेत. आणि त्या ताटांतला राजगिऱ्याचा लाडू? तोहि मूळ मेक्सिकोकडचाच. ज्या दाण्यांत पाक घालून अझ्टेक आपले देव घडवीत, त्याच दाण्यांच्या वड्या मेक्सिकोंत आज ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद, या नांवानें विकल्या जातात, आणि आम्ही त्याच्याच गुळांतल्या वड्या उपवासाला खातों. जमिनीवरचा राजगिरा आमच्या उपवासांत शिरला. पाण्यांतला राजगिरा तिकडे ख्रिस्ती उपवासांत शिरला. कोणतें अन्न पवित्र व कोणतें अमंगळ हें ठरविणारी चाळणी कांहीं अनादि नाहीं. तिचीं भोंकें काळ लहानमोठीं करीत असतो. मधमाशीनें पोटांतून काढलेला मध तर चरकानें चार जाती पाडून वर्णिला आहे, आणि तो आमच्या पंचामृतांत आहे.

तरीहि आम्ही हें सांगत नाहीं कीं, उद्यांपासून घरोघर रातकिड्यांच्या वड्या थापाव्या. न्यासाकांठच्या त्या वडींतील जीवांचा प्रश्न आम्ही वाचकांजवळ ठेव म्हणून दिला होता. एका बोकडाच्या ठिकाणीं हजारों जीव घेणें ही अहिंसेच्या दृष्टीनें सुधारणा म्हणावी काय, असें एखादा जैन किंवा वारकरी गृहस्थ विचारील, तर त्याला युरोपच्या हिशेबाच्या वहींत उत्तर मिळणार नाहीं. दयेनें जो नाहीं म्हणतो त्याचें नाहीं आम्हांस पूज्य आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, दया आणि किळस या दोन भिन्न वस्तु आहेत, व किळशीला दयेचीं वस्त्रें नेसवूं नयेत. दया आपल्या ताटापुरती बोलते. किळस दुसऱ्याच्या ताटाकडे बोट दाखविते.

आणि तें ताट दूर मेक्सिकोंतच आहे असें नाहीं. आमच्या गडचिरोलीच्या सीमेला लागून असलेल्या बस्तरांत, झाडाचीं पानें जोडून घरटीं करणाऱ्या तांबड्या मुंग्या व त्यांचीं अंडीं वांटून केलेली आंबट चटणी आदिवासींच्या बाजारांत पानांच्या द्रोणांतून विकली जाते. ओरिसांतील मयूरभंजच्या अशाच ‘काई’ चटणीला २०२४ च्या जानेवारींत भौगोलिक निर्देशाचें मानचिन्ह मिळालें. हें वाचून शहरांतला सुशिक्षित नाक मुरडतो, आणि तोच गृहस्थ परदेशांतल्या दुकानांतून रातकिड्याच्या पिठाचें चॉकलेट आणून मित्रमंडळींत कौतुकानें वांटतो. सुंदर कागदांत गुंडाळलेला किडा सुधारणेचा, आणि द्रोणांतला किडा मागासलेपणाचा. सॉल्ट लेकच्या खोऱ्यांत १८४८ त जो न्याय चालला तोच हा न्याय.

तेव्हां ‘नवें अन्न’ हे शब्द वेष्टनावर छापलेले दिसले, तर त्यामागें आटलेलें तेश्कोको, उतरलेलें मोनो आणि ‘डिगर’ म्हणून हिणविलेलीं माणसें उभीं आहेत, एवढें तरी स्मरण असावें. किडा खावा कीं खाऊं नये, हें ज्याचें त्यानें आपल्या पोटाला व आपल्या धर्माला विचारावें. पण भुकेला कोंडा म्हणणारे आम्ही, दुसऱ्यानें भुकेला शोधलेल्या कोंड्याला नांवें ठेवण्यापूर्वीं क्षणभर थांबलों, तर पुष्कळ झालें. पिठाबरोबर किडा चाळला जावा हें ठीकच. आजपर्यंत त्या चाळणींतून किड्याबरोबर तो खाणारा मनुष्यहि केरांत गेला, तेवढें मात्र यापुढें होऊं नये.